चौदा नंबरचा डबा

माझ्या थोरल्या साडूंइतके डबे बरोबर घेऊन फिरणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा कुणी असेल, तर त्या दोघांची गाठ पडू नये अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. कारण ते दोघे भेटले तर बसायला जागा उरणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजी म्हणतो, आणि ते मला 'धाकटे' म्हणतात. पाटबंधारे खात्यात त्यांची तीस वर्षं धरणांच्या साइटवर गेली. तिथे जेवण म्हणजे सकाळी जीपमध्ये जे चढेल तेच, ही गोष्ट एकदा त्यांच्या डोक्यात बसली ती निवृत्तीनंतरही उठली नाही. घरातल्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर त्यांनी लाल ऑइलपेंटनं नंबर घातले आहेत आणि कुठल्या नंबरात काय, याची वही आहे. चिंचवडहून पुण्याला दात काढायला जातानासुद्धा ते डबा नेतात. "दोन तास काही खाऊ नका म्हणतात ना डॉक्टर? मग तिसऱ्या तासाची सोय कुणी बघायची?" लग्नाला जाताना पिशवीत दशम्या असतात. "लग्नात जेवण असतं हे मलाही कळतं हो. पण किती वाजता असतं, ते वधूपित्याला तरी माहीत असतं का?" आणि नशीब असं, की एकदा साताऱ्याकडच्या एका लग्नात खरोखरच आचाऱ्याचा गॅस संपला आणि भुकेनं कासावीस झालेल्या नवरदेवानं मांडवामागे उभं राहून यांच्या दशम्या खाल्ल्या. त्या एका नवरदेवाच्या जोरावर त्यांनी पुढची वीस वर्षं आम्हाला ऐकवलं.

आम्ही तोक्योत ओजिमाला राहायला आलो तेव्हा वाटलं, आता मध्ये समुद्र आहे, आपण सुटलो. मग भूकंप झाला. सगळ्या इमारती डुलल्या, गाड्या बंद पडल्या, मी कावासाकीच्या ऑफिसातून चालत चालत घरी आलो. दुकानांतून ब्रेड, तांदूळ, पाणी नाहीसं झालं. टीव्हीवर उत्तरेकडच्या किनाऱ्याची चित्रं दिसत होती, ती पाहवत नव्हती. भारतातून जे जे फोन आले ते सगळे रडत होते, परत या म्हणत होते. तिसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन लागला. त्यांनी परत या म्हटलं नाही, घाबरू नका म्हटलं नाही. म्हणाले, "घरात खायला काय काय आहे? वाचा." मी म्हटलं, भाऊजी, इथे दर तासाला जमीन हलतेय. "हलू दे. तुम्ही वाचा." शेवटी स्वयंपाकघरात उभं राहून मी रागारागानं यादी वाचली: तांदूळ दीड किलो, मसूर अर्धा, बटाटे सात. पलीकडे ते लिहून घेत होते. पाच आठवड्यांनी, दुकानं पुन्हा भरून वाहायला लागल्यावर, सतरा किलोचं पार्सल आलं. त्यातलं भडंग आम्ही पुढच्या दिवाळीपर्यंत खाल्लं. आमच्या मुलीचा, रेवाचा, पहिला स्पष्ट मराठी शब्द 'नको' हा होता आणि तो त्या भडंगाला उद्देशून होता, असं मी आजही मानतो.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाल्यावर भाऊजी आणि ताई जपान बघायला आले. कस्टम्सच्या दाराबाहेर आम्ही सव्वा तास ताटकळलो. मला वाटलं, धरलं. कुठल्या तरी खोलीत बसवून ठेवलं असणार. प्रत्यक्षात भाऊजींनी आत जाऊन त्या अधिकाऱ्यासमोर टाईप केलेली तीन पानी यादी ठेवली होती: डब्याचा क्रमांक, जिन्नस, वजन, शेरा. एकूण एक्केचाळीस डबे. जपानी माणसाला अशी यादी आयुष्यात एखाद्या वेळीच मिळते. तो एकेक डबा काढी, नंबर वाची, यादीवर खूण करी आणि मान लववी, मग भाऊजीही मान लववीत. ताई सांगत होत्या की शेवटी शेवटी दोघांना इतका रंग चढला होता की मागची रांग दुसऱ्या खिडकीकडे वळवावी लागली. ओला कढीपत्ता तेवढा त्यानं नियमानं काढून घेतला. भाऊजींनी त्याची पावती मागितली आणि ती मिळाली, हे ते अजून लोकांना सांगतात. फुजी पर्वताचा विषय निघाला तर म्हणतात, "हो, पाहिला. बरा आहे."

आता मूळ दुखण्याकडे येतो. त्या दोघांना घेऊन उत्तरेकडे आठवडाभर जायचं ठरलं होतं, आणि पाच माणसं व एक्केचाळीस डबे घेऊन रेल्वेनं जाणं मला झेपणारं नव्हतं. ही गोष्ट मी ऑफिसात बोललो ती माझे साहेब, मिउरासान, यांच्या कानावर गेली. मिउरासान निवृत्तीला आलेले, अतिशय शिस्तीचे गृहस्थ. ते मजल्यावरून चालले की लोक आपापल्या टेबलावरच्या पेन्सिली सरळ करत. त्यांच्याकडे एक कॅम्पिंग कार होती, चाकांवरचं एका खोलीचं घर: आत बिछाने, घडीचं टेबल, छोटं बेसिन, एक शेगडी. ती त्यांनी मला आपणहून देऊ केली. दहा वर्षांत त्या माणसानं मला कधी स्वतःचा स्टेपलरही दिला नव्हता. किल्ली देताना ते म्हणाले, "गाडीत वासाचं काही शिजवणं, ते जरा..." आणि थांबले. जपानी माणूस वाक्य जिथे अर्धवट सोडतो, तिथे हुकूम सुरू होतो, हे मला एव्हाना कळत होतं. मी कमरेत वाकून शब्द दिला. मग त्यांनी एक कागदात गुंडाळलेलं पुडकं दिलं. त्यांची आई तिकडे किनाऱ्यावरच्या गावात एकटी असते, वाटेत पडलंच तर तिला द्यावं, फार वेळ थांबायची गरज नाही. "हल्ली ती फारसं खात नाही," एवढं ते खिडकीकडे बघत म्हणाले, आणि कामाला लागले.

घरी येऊन मी जाहीर केलं, की गाडीत फोडणी होणार नाही. भाऊजी वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे हिंग?" नाही. "मोहरी?" नाही. "नुसतं जिरं?" मी म्हटलं, भाऊजी, माझी नोकरी आहे, माझा शब्द आहे, दहा वर्षांची अब्रू आहे. "अहो, पण फोडणी नसेल तर ते जेवण नव्हे, तो औषधाचा डोस झाला!" मी हटलो नाही. गाडीच्या दाराशी उभा राहून मी एकेक डबा तपासला. हिंगाची डबी तीन पिशव्यांत घालून, ती डब्यात, तो डबा कुकरमध्ये आणि कुकर सीटखाली, एवढा बंदोबस्त केला, तरी रेवा गाडीत चढल्या चढल्या नाक दाबून ओरडली, "कुसाई!" भाऊजींनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, छान वास आहे म्हणते.

पुढचे चार दिवस या माणसानं माझ्या नाकी नऊ आणले. जपानी हमरस्त्यावर जागोजागी सुंदर थांबे असतात, तिथे त्या त्या गावचं ताजं अन्न मिळतं, सफरचंदं असतात, गरम नूडल्स असतात. आम्ही तिथे थांबायचो ते भाऊजींना डबे पुसायला जागा मिळावी म्हणून. जेवणाच्या वेळी ते कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या त्या छोट्या दुकानात शिरत. तिथे विकतच्या नूडल्समध्ये घालायला गरम पाणी फुकट असतं. भाऊजी आपला सहा नंबरचा डबा काढून, ताईंनी भाजून आणलेल्या रव्याच्या उपम्यावर ते पाणी ओतून घेत, काउंटरवरच्या मुलीला नमस्कार करत आणि काहीही विकत न घेता बाहेर येत. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होई. निदान दुकानाचा मान राहावा म्हणून मी दर वेळी आत जाऊन समोर दिसेल ते घेई. समोर नेमके मोजे असत. त्या सहलीत मी सात जोड मोजे घेतले. एकदाच, सेन्दाईत, मी हट्टानं सगळ्यांना नूडल्सच्या एका नावाजलेल्या दुकानात नेलं. खास सांगून भाज्यांचा रस्सा करून घेतला. वाडगा समोर आला तसा भाऊजींनी खिशातून पुडी काढून त्यावर मेतकूट भुरभुरलं आणि म्हातारा मालक काउंटरमागून धावत आला. मी मान खाली घालून बसलो. त्याला फक्त ते हुंगून बघायचं होतं. भाऊजींनी उरलेली पुडी त्याला देऊन टाकली आणि मला म्हणाले, "बघा, दुकान यांचं, पण चव कुणाची?"

मी वाद घालायचं सोडलं नव्हतं. एका संध्याकाळी थांब्यावर कचऱ्याचा डबा सापडेना. रेवानं पाटी वाचून सांगितलं, की इथे कचरा टाकायचा नसतो, आपापल्या घरी न्यायचा असतो. भाऊजींचा चेहरा खुलला. "म्हणजे यांचं म्हणणं असं, की खाऊन उरलेलं घरी न्या. मग पोटात जाणारं घरून आणलं तर तुम्हाला काय बोचतं, धाकटे?" बायको हसायला लागली, ताई हसायला लागल्या. रेवा भडंग खात होती. ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

पाचव्या दिवशी आम्ही मिउरासानच्या आईच्या गावाला पोचलो. जुनं गाव भूकंपाच्या वेळच्या त्सुनामीच्या लाटेबरोबर गेलं होतं, तिथे आता नुसतं सपाट गवत आणि उंच भिंत होती. घरं गेलेल्या लोकांसाठी टेकडीवर नव्या इमारती बांधल्या होत्या, अगदी एकसारख्या. त्यांतल्या एका इमारतीच्या खाली मी गाडी लावली. मी फोन केला होता, त्यामुळे आजी खाली येऊन उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, एवढ्याशा, अंगावर एप्रन, हातात काठी. त्यांनी आम्हाला वाकून नमस्कार केला, मग गाडीला केला, आणि गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. वर त्यांच्या घरात मी पुडकं दिलं, आणि चहा पिताना त्यांनीच सांगितलं: भूकंपानंतर त्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत राहत होत्या तेव्हा तिथे दुसऱ्या माणसाला पाय पसरायलाही जागा नव्हती, म्हणून मुलानं ही गाडी घेतली. दर शनिवारी यायचा, रात्री खोलीबाहेर गाडीत झोपायचा, रविवारी परत जायचा. दोन वर्षं. "मी आत, तो बाहेर. भिंतीतून त्याचं घोरणं ऐकू यायचं," त्या म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. मी हे मराठीत सांगत असताना भाऊजींचं लक्ष भलतीकडेच होतं. टेबलावर कोंबिनीतला एक ओनिगिरी, त्रिकोणी भाताचा गोळा, अर्धा खाऊन परत कागदात गुंडाळून ठेवलेला होता. आणि शेगडीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा रचला होता.

"विचारा त्यांना, आज काय जेवल्या," भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, असं इथे विचारत नाहीत.

"मग कुठे विचारतात? मी शिकतो जपानी आणि विचारतो?"

मी शक्य तितकं गोल गोल करून विचारलं. आजी हसल्या. एका माणसासाठी काय शिजवायचं, म्हणाल्या. पातेलं घासायला लागतं तेवढंच. हा अर्धा आता संध्याकाळी होईल. मी भाषांतर केलं, आणि ते पुरं व्हायच्या आत भाऊजी उभे राहिले.

"अहो, मूगडाळ कितीत आहे?" त्यांनी ताईंना विचारलं.

"अकरात. तांदूळ बारात," ताईंनी वहीशिवाय सांगितलं आणि पदर खोचला.

जिना उतरताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, भाऊजी, करायचंच तर इथे वर करा. ताई म्हणाल्या, "न सांगता परक्या बाईच्या चुलीवरचे पेपर मी उचलू?" मग गाडीत नको, म्हटलं, मी शब्द दिलाय. भाऊजी गाडीच्या पायरीवर थांबले. इतकी वर्षं मी त्यांना चिडवत आलो, पण ते माझ्यावर कधी खरे रागावले नव्हते. त्या दिवशी रागावले. "धाकटे, तुमच्या साहेबाला सांगा, वास माझ्या नावावर लिहा. त्याची आई अर्ध्या गोळ्यावर दिवस काढतेय आणि तुम्ही गाडीचं नाक सांभाळताय?" त्यांनी सीटखालून कुकर ओढला, कुकरमधून डबा, डब्यातून पिशव्या काढल्या. मी दारात उभा होतो. मी बाजूला झालो, त्यात माझा मोठेपणा काही नाही. मला दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

तुपात जिरं तडतडलं, मोहरी उडाली, हिंग पडला. चार दिवसांचा उपास एका झटक्यात सुटावा तसा तो वास खिडक्यांतून, झडपेतून, दारातून त्या एकसारख्या इमारतींमध्ये शिरला. दोन-तीन गॅलऱ्यांची दारं सरकली. मी एकेकाकडे बघून वाकत होतो. आणि मागे वळून बघतो तर आजी काठी न घेता जिना उतरून आल्या होत्या आणि गाडीच्या दाराशी चपला काढत होत्या. त्या आत जाऊन घडीच्या टेबलाशी बसल्या. मुलगा ज्या बाकावर दोन वर्षं झोपला त्या बाकावरून त्यांनी एकदा हात फिरवला. ताईंनी मऊ खिचडी वाढली, वर तूप सोडलं. आजींनी हात जोडले, चमच्यानं एक घास घेतला, थांबल्या. भाऊजी श्वास रोखून बघत होते. कस्टम्समध्ये त्यांचा जीव असा टांगणीला लागला नसेल.

"ही आमची पेजच आहे," आजी म्हणाल्या, "पण कुणावर तरी रागावलेली."

त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. दुसरी मागून घेतली. निघताना भाऊजींनी त्यांच्या हातात चौदा नंबरचा डबा ठेवला, रव्याच्या लाडवांचा. डबा परत करायची घाई नाही, असं मला सांगायला लावलं. हे एक वाक्य मी भाषांतरित करायला नको होतं.

ओजिमाला परतल्यावर दोन दिवस मी ती गाडी धुतली. व्हिनेगर झालं, सोडा झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून कॉफीचा चोथा वाट्या-वाट्यांतून ठेवला. त्यानंतर गाडीला कॉफी प्यायलेल्या हिंगाचा वास यायला लागला. रविवारी मिउरासान गाडी न्यायला आले. त्यांनी दार सरकवलं आणि ते तिथेच थांबले. मी कमरेत वाकलो तो वाकूनच राहिलो, तोंडानं माफी मागत, मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत. शेवटी मान तिरपी करून पाहिलं. ते आत जाऊन त्या बाकावर बसले होते. "आईचा फोन आला होता," ते म्हणाले. "दोन वाट्या खाल्ल्या म्हणाली." मग बसल्या जागी त्यांनी एक खोल श्वास घेतला. "हा वास, जरा..." आणि थांबले. ते वाक्य पुढे कुठे जाणार होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण पुढच्या आठवड्यात गाडी उघडी ठेवून वारा दिला असं त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारायची माझी छाती नव्हती.

यानंतर माझा खरा छळ सुरू झाला. महिन्याभरात मिउरासाननी मला ऑफिसात एक पुडकं आणून दिलं. चौदा नंबरचा डबा होता, आणि त्यात आजींनी घातलेलं मुळ्याचं लोणचं होतं. जपानी माणूस घेतलेल्याची परतफेड केल्याशिवाय राहत नाही. मी चिंचवडला फोन करून, गंमत म्हणून सांगितलं. भाऊजी गंभीर झाले. "भरून आला ना? मग आपला रिकामा कसा जाईल?" रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपली रीत त्यांनी मला फोनवर समजावून सांगितली, जणू मी परग्रहावर वाढलो होतो. बायकोनं चकल्या केल्या, डबा गेला. तो पर्सिमनची वाळवलेली फळं भरून आला. शंकरपाळे गेले, तर समुद्री शेवाळ आलं. दोन देशांच्या दोन रीती एकमेकींत अशा अडकल्या की थांबणार कोण? आणि हमाल मी. ओजिमा ते कावासाकी, गर्दीच्या गाडीत, डबा छातीशी धरून. शेवटी वैतागून मी आजींना अतिशय अदबीनं पत्र लिहिलं: आपण एवढे कष्ट घेऊ नयेत. आमच्याकडे रिकामा डबा देत नाहीत हे खरं, पण घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घातली तरी चालते. आजींचं उत्तर आलं, की फार सुंदर रीत आहे, कळवल्याबद्दल आभार. आणि बरोबर भरगच्च डबा. त्यात त्यांनी स्वतः शिजवलेलं काहीतरी होतं, कंदमुळांचं. म्हणजे शेगडीवरचे पेपर उचलले गेले होते. ते मात्र मी भाऊजींना लगेच फोन करून सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज नीट येईना, म्हणून लाइन खराब आहे म्हटलं.

असं अडीच-तीन वर्षं चाललं. मध्ये भाऊजींच्या गुडघ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी प्रवास बंद केला, गोडही बंद केलं. ते आता चिंचवडच्या गॅलरीत बसून फोनवर आमच्या डब्याची देखरेख करतात. गेल्या हिवाळ्यात मिउरासान दोन आठवडे रजेवर गेले. आई गेली, एवढं ऑफिसात कळलं. परत आल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी कापडात बांधलेला डबा दोन्ही हातांनी पुढे केला. "आईनं जसं सांगितलं तसं केलंय. बरोबर आहे का, मला माहीत नाही." मी डबा घेतला. तो हलका होता. गाडीत मी तो हलवून पाहिला, काही वाजलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रिकामा आला, मी मनात म्हटलं, आणि बरोबरच आहे, भरणार कोण?

घरी बायकोसमोर गाठ सोडली. आत पांढऱ्या कागदाची लहानशी घडी होती. उलगडली तर चिमूटभर साखर.

भाऊजींना फोन केला. सगळं सांगितलं. हा माणूस गप्प राहू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या पोराला आता डबा कोण देतं?"

ते पोर म्हणजे साठीचे मिउरासान, ज्यांना बघून आमचा मजला पेन्सिली सरळ करतो. "धाकटे," ते म्हणाले, "घरात काय काय आहे? वाचा." मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि वाचायला लागलो. तांदूळ दोन किलो. मूगडाळ एक. तूप अर्धी बरणी. पलीकडे ते लिहून घेत होते.

सोमवारी सकाळी कावासाकीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. आत खिचडी होती आणि तिच्यावर चांगली चरचरीत फोडणी. शेजारच्या बाईंनी एकदा नाक वर केलं, मग डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान लववली, पण झाकण आणखी घट्ट केलं नाही.